तंबाखूचा धूर आणि स्तनातील पेशी : रेणूंच्या पातळीवर काय घडते?

तंबाखूमुळे तोंडाचा, घशाचा व फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. विडी-सिगारेटच्या पाकिटावर तसे चित्रही छापलेले असते. परंतु हा धूर स्त्रीच्या स्तनातील पेशींपर्यंत पोहोचतो काय, आणि पोहोचला तर तेथे काय करतो, हा प्रश्न आपल्या घरांतून सहसा विचारला जात नाही. "आमच्या घरातल्या बायका कुठे विडी ओढतात?" असे म्हणून आपण तो बाजूला सारतो.

आकडे मात्र वेगळे सांगतात. भारतात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग आज पहिल्या क्रमांकावर आहे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले असावेत, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. २०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शंभरात अवघे २ आढळले. परंतु त्याच सर्वेक्षणात शंभरातील जवळजवळ ३९ प्रौढ माणसांनी आपल्या घरात दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो असे सांगितले. म्हणजे ओढणारा एक आणि श्वास घेणारे अनेक, अशी आपल्या घरांची स्थिती आहे. म्हणूनच या धुराचा प्रवास पेशीच्या आतपर्यंत कसा होतो, हे सर्वसामान्य सभासदांना व विशेषतः विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना समजेल अशा भाषेत सांगण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

धूर स्तनापर्यंत पोहोचतो कसा?

तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रासायनिक द्रव्ये असतात व त्यांपैकी सुमारे ७० द्रव्ये कर्करोगास कारणीभूत ठरणारी आहेत. धूर फुप्फुसात शिरला की यांतील कित्येक द्रव्ये फुप्फुसांच्या पातळ पडद्यातून रक्तात उतरतात. रक्त एकाच अवयवासाठी वाहत नाही. ते यकृताकडे जाते, मूत्राशयाकडे जाते, तसेच स्तनाकडेही जाते.

स्तनाची रचना येथे लक्षात घेतली पाहिजे. स्तनामध्ये दूध तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी आणि ते वाहून नेणाऱ्या नलिका असतात. या नलिकांना आतून पेशींचे अस्तर असते आणि स्तनाचे बहुतेक कर्करोग याच अस्तराच्या पेशींतून उद्‌भवतात. या साऱ्या जाळ्याभोवती चरबीचा जाड थर असतो. धुरातील अनेक विषारी द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत मात्र सहज विरघळतात. त्यामुळे स्तनातील चरबी ही त्यांना मुक्कामाची जागा ठरते.

हा केवळ तर्क नाही. १९७८ साली अमेरिकेतील पेट्राकिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांना त्या वेळी अंगावर पाजणारे मूल नव्हते अशा धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांच्या स्तनातील द्रवाचे थेंब तपासले. त्या थेंबांत निकोटीन सापडले. तोंडावाटे ओढलेला धूर स्तनाच्या नलिकेत जाऊन पोहोचतो, याचा तो सरळ पुरावा होता.

शरीराचाच साफसफाईचा कारखाना

धुरातील द्रव्यांपैकी सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो बेंझोपायरीन या द्रव्याचा. लाकूड, कोळसा, तेल किंवा तंबाखू असा कोणताही सेंद्रिय पदार्थ अर्धवट जळला की ते तयार होते. स्वयंपाकघरातील चुलीच्या धुरातही ते असते. गंमत अशी की, मूळ स्वरूपातील बेंझोपायरीन डी.एन.ए.ला फारसे काही करू शकत नाही. त्याला घातक बनवते ते आपले शरीरच.

हे कसे घडते ते पाहू. बेंझोपायरीन चरबीत विरघळणारे असल्यामुळे पेशीच्या आवरणातून सहज आत शिरते. आत एक विशिष्ट ग्राहक प्रथिन असते. बेंझोपायरीन त्याला जाऊन चिकटले की ते प्रथिन पेशीच्या केंद्रकात जाते आणि तेथील काही जनुके जागी करते. या जनुकांच्या आज्ञेवरून सायटोक्रोम पी-४५० या गटातील विकरे, म्हणजेच एन्झाइम, तयार होऊ लागतात. बाहेरून आलेल्या नको असलेल्या द्रव्याला प्राणवायू जोडून ते पाण्यात विरघळणारे करावे आणि लघवीवाटे घालवून द्यावे, हे या विकरांचे काम. हेतू चांगलाच आहे. परंतु बेंझोपायरीनच्या बाबतीत या कामाच्या दोन-तीन पायऱ्या पार पडताना मध्येच एक अतिशय चपळ व आक्रमक रेणू जन्माला येतो. त्याला डायॉल-इपॉक्साइड म्हणतात. तो बाहेर पडण्यापूर्वीच डी.एन.ए.ला जाऊन घट्ट चिकटू शकतो.

या विकरांपैकी १ बी १ या नावाचे विकर स्तनाच्या पेशींतही तयार होते. म्हणजे विष बनविण्याची सामग्री बाहेरून येते, पण ते बनविण्याचा कारखाना स्तनाच्या पेशीत आधीच उभा असतो. यकृतात तयार झालेले विषच स्तनापर्यंत यावे लागते असे नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

एका अक्षराची चूक

डी.एन.ए. म्हणजे पेशीचा मूळ दस्तऐवज. तो ए, टी, जी व सी या चारच अक्षरांत लिहिलेला असतो. ए समोर टी आणि जी समोर सी, असा त्याचा नियम. वर सांगितलेला आक्रमक रेणू प्रामुख्याने जी या अक्षराला, म्हणजे ग्वानीनला, चिकटतो. अशा चिकटलेल्या रेणूला शास्त्रज्ञ ॲडक्ट म्हणतात. आपण त्याला 'जोड' म्हणू.

पेशीचे विभाजन होताना या दस्तऐवजाची नक्कल करावी लागते. नक्कल करणारे विकर जोड लागलेल्या अक्षरापाशी आले की गोंधळते आणि समोर सी ऐवजी ए लिहून टाकते. पुढच्या विभाजनाच्या वेळी त्या ए समोर नियमाप्रमाणे टी येतो. अशा रीतीने जेथे जी होता तेथे कायमचा टी बसतो. गावच्या दप्तरातील उताऱ्यावर नक्कल करणाऱ्याने एक अक्षर चुकीचे लिहावे आणि पुढच्या सर्व नकला त्या चुकीच्याच निघाव्यात, तसा हा प्रकार आहे. यालाच उत्परिवर्तन म्हणतात.

प्रत्येक चूक घातक नसते. परंतु ती पी-५३ सारख्या जनुकात झाली तर प्रश्न गंभीर होतो. पी-५३ हे जनुक पेशीचे पहारेकरी आहे. डी.एन.ए. बिघडला असेल तर ते पेशीचे विभाजन थांबवते, दुरुस्तीला वेळ देते आणि दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला स्वतःहून मरायला लावते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या प्रयोगात, बेंझोपायरीनपासून बनलेला हा रेणू पी-५३ जनुकावर नेमका कोठे चिकटतो हे तपासले गेले. तो १५७, २४८ व २७३ या क्रमांकांच्या स्थानी जास्त चिकटला. आणि फुप्फुसाच्या कर्करोगात पी-५३ वर वारंवार बिघाड आढळतो तो याच स्थानी. धुरातील एक द्रव्य आणि रोग्याच्या जनुकातील बिघाड यांचा असा मेळ बसणे ही मोठीच गोष्ट होती.

हा मेळ फुप्फुसाच्या कर्करोगाशी बसला होता. स्तनाचे काय? १९९५-९६ च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेले स्तनाचे ऊतक तपासले असता, धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांच्या ऊतकात अशा प्रकारचे जोड आढळले. जोड म्हणजे कर्करोग नव्हे. पण विष डी.एन.ए.पर्यंत पोहोचल्याची ती खूण आहे.

आणखी तीन वाटा

बेंझोपायरीन हे एकच उदाहरण झाले. दुसरी वाट ॲमिनो-बायफेनिल या द्रव्याची. हे द्रव्य निरुपद्रवी करणारे एक विकर आपल्या शरीरात असते. ते काही जणांत वेगाने तर काही जणांत मंद गतीने काम करते. हा फरक जन्मजात असतो. १९९६ साली अँब्रोसोन व सहकाऱ्यांनी असे दाखविले की, हे विकर मंद असलेल्या व पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये धूम्रपानाचा आणि स्तनाच्या कर्करोगाचा संबंध अधिक ठळक दिसतो. नंतरच्या काही अभ्यासांत असाच संबंध आढळला, काहींत आढळला नाही. "अमक्या बाईने जन्मभर विडी ओढली, तिला काही झाले नाही" असे जे आपण ऐकतो, त्यामागे अशी काही जन्मजात कारणे असू शकतात. आपण कोणत्या गटात आहोत हे मात्र कपाळावर लिहिलेले नसते.

तिसरी वाट मुक्त मूलकांची, म्हणजे फ्री रॅडिकल्सची. सिगारेटच्या एका झुरक्यात अशा अस्थिर कणांची संख्या एकावर पंधरा शून्ये इतकी मोठी असते. त्यांपैकी बरेच कण क्षणार्धात नष्ट होतात. परंतु त्यांच्यामुळे व धुराने होणाऱ्या दाहामुळे शरीरात ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो आणि डी.एन.ए.तील जी या अक्षरावर जणू गंज चढतो. गंजलेल्या अक्षराची नक्कलही चुकू शकते.

चौथी वाट निकोटीनची. निकोटीन डी.एन.ए.ला बेंझोपायरीनसारखे चिकटत नाही. परंतु स्तनाच्या पेशींवर निकोटीनचे ग्राहक असतात. २०१० साली तैवानमधील संशोधकांनी दाखविले की, यांपैकी 'अल्फा-९' हा ग्राहक स्तनाच्या गाठीत निरोगी ऊतकापेक्षा अधिक प्रमाणात असतो आणि निकोटीनने तो चेतविला असता पेशींची वाढ जोर धरते. बिघडलेल्या पेशीला वाढायला उत्तेजन मिळणे, हे बिघाडाइतकेच वाईट.

प्रयोगशाळेतील साक्ष

हे सर्व एकत्र आले तर काय होते, हे माणसावर प्रयोग करून पाहता येत नाही व पाहूही नये. म्हणून शास्त्रज्ञ काचेच्या बशीत वाढविलेल्या पेशी वापरतात. मानवी स्तनाच्या कर्करोगरहित पेशींचा एम.सी.एफ.-१० ए हा वंश त्यासाठी प्रसिद्ध आहे. निरोगी पेशींचा एक गुण असा की, त्यांना वाढण्यासाठी पृष्ठभागाचा आधार लागतो. अधांतरी त्या वाढत नाहीत. २००४ साली अमेरिकेतील संशोधकांनी या पेशींना सिगारेटच्या धुराचा अर्क दिला. त्यानंतर त्या पेशी मऊ जेलीसारख्या माध्यमात आधाराविनाच वाढू लागल्या. हे कर्करोगाच्या दिशेने पडलेले पाऊल मानले जाते. २०१३ च्या आणखी एका अभ्यासात दीर्घकाळ धुराच्या संपर्कात ठेवलेल्या स्तनपेशींनी आपला बांधीव आकार सोडला, परस्परांतील बंध सैल केले आणि त्या जागा सोडून सरकू लागल्या. कर्करोग शरीरात पसरतो तेव्हा पेशी असेच वागतात.

अर्थात बशीतील पेशी म्हणजे पूर्ण स्त्री नव्हे. बशीत रक्ताभिसरण नसते, रोगप्रतिकारक शक्ती नसते, संप्रेरकांचे चढउतार नसतात. म्हणून माणसांच्या अभ्यासाकडे वळले पाहिजे.

पुरावा किती पक्का?

येथे आम्ही वाचकांपुढे सत्य आहे तसेच ठेवू इच्छितो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका धूम्रपानाने १५ ते ३० पट वाढतो. स्तनाच्या बाबतीत वाढ इतकी प्रचंड नाही. इंग्लंड व आसपासच्या भागातील १ लाखाहून अधिक स्त्रियांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कधीही धूम्रपान न केलेल्यांच्या तुलनेत धूम्रपान केलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी अधिक आढळला. ज्यांनी वयाच्या १७ वर्षांपूर्वी सुरुवात केली होती, त्यांच्यात तो सुमारे २४ टक्क्यांनी अधिक होता.

हा संबंध बराच काळ वादात राहिला, त्यालाही कारणे आहेत. पाश्चात्य देशांत धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया बहुधा मद्यही घेतात आणि मद्याने स्तनाचा कर्करोग वाढतो हे सिद्ध आहे. २००२ साली ५३ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा मद्य न घेणाऱ्या स्त्रियांत धूम्रपानाचा वेगळा परिणाम दिसला नव्हता. दुसरे असे की, धूम्रपानाने स्त्री-संप्रेरक इस्ट्रोजेनचा प्रभाव काहीसा कमी होतो, म्हणजे धूर एका हाताने इजा करतो आणि दुसऱ्या हाताने ती अंशतः झाकतो. तिसरे म्हणजे, तुलनेसाठी घेतलेल्या 'न ओढणाऱ्या' स्त्रियांपैकी कित्येकजणी घरी किंवा कामाच्या ठिकाणी दुसऱ्याचा धूर घेतच होत्या. दोन्ही पारड्यांत वजन असेल तर फरक कसा दिसणार?

अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालाने प्रत्यक्ष धूम्रपान आणि दुसऱ्याचा धूर या दोहोंबाबत पुरावा सूचक आहे, पण निर्णायक म्हणण्याइतका पुरेसा नाही, असे म्हटले. कॅनडातील तज्ज्ञ समितीने मात्र २००९ सालीच प्रत्यक्ष धूम्रपान हे स्तनाच्या कर्करोगाचे कारण असल्याचा निष्कर्ष काढला होता. दुसऱ्याच्या धुराबाबतही पाळी न गेलेल्या तरुण स्त्रियांचा तिने वेगळा उल्लेख केला होता. तज्ज्ञांत असा मतभेद आहे. परंतु धूर स्तनात पोहोचतो, तेथील डी.एन.ए.ला इजा करतो, आणि लहान वयात सुरुवात झाल्यास धोका अधिक दिसतो, या गोष्टी वेगवेगळ्या संशोधनांतून पुढे आलेल्या आहेत.

वाढत्या वयातील मुलगी

लहान वयच का, हा प्रश्न येथे साहजिक आहे. मुलगी वयात येऊ लागते तेव्हा स्तनातील नलिका भराभर वाढतात, त्यांना फांद्या फुटतात. या काळात पेशींचे विभाजन वेगाने होते. मूल पूर्ण दिवसांचे होऊन पहिले बाळंतपण पार पडेपर्यंत या पेशींची घडण पुरती पक्व झालेली नसते. ज्या पेशीचे विभाजन वेगाने होते तिला नकलेपूर्वी डी.एन.ए. दुरुस्त करायला वेळ कमी मिळतो. जोड काढून टाकण्यापूर्वीच नक्कल होते आणि चूक कायम होते. धूम्रपानाचा परिणाम पहिल्या बाळंतपणापूर्वीच्या वर्षांत अधिक दिसतो, असे मोठ्या अभ्यासांतून पुढे आले आहे, ते याच्याशी जुळणारे आहे.

आता आपल्या घराचा विचार करू. एक-दोन खोल्यांचे घर, एकच खिडकी. कर्ता पुरुष कामावरून येतो, विडी पेटवतो. त्याच खोलीत दहावीची मुलगी अभ्यासाला बसलेली असते. ओढणाऱ्याच्या तोंडातून बाहेर पडणारा धूर वेगळा आणि दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात विडीच्या जळत्या टोकातून निघणारा धूर वेगळा. वर सांगितलेले ॲमिनो-बायफेनिल या दुसऱ्या धुरात कितीतरी पट अधिक असते. विडीत तंबाखू कमी आणि वर तेंदूपान, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य, हा समजही चुकीचा आहे. विडीतून मिळणारे निकोटीन व डांबर सिगारेटपेक्षा कमी नसते.

आपल्याकडील स्त्रियांची मशेरी हाही विचार करण्याजोगा विषय आहे. मशेरी ओढली जात नाही, हे खरे. पण तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजताना जो धूर उठतो तो भाजणारीच्या व शेजारी बसलेल्या लेकरांच्या श्वासात जातो, आणि त्यातही बेंझोपायरीनच्या जातीची द्रव्ये असतात. तंबाखू तोंडात धरल्याने तोंडाचा कर्करोग होतो, हे तर निर्विवाद आहे.

करता येण्याजोगे

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे. सभागृह, कचेरी, बसस्थानक या ठिकाणी कायदा आपल्या बाजूने आहे. घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र कायदा येत नाही. तेथे नियम घरानेच करावा लागतो. विडी उंबरठ्याबाहेर, मुलांपासून दूर, हा पहिला नियम. आणि विडी सोडणे हा दुसरा व खरा नियम. मधल्या खोलीतून उठून मोरीशी जाऊन ओढल्याने काही साधत नाही, कारण धूर एका खोलीत थांबत नाही. सोडू इच्छिणाऱ्यांसाठी शासनाची १८००-११-२३५६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे.

शरीर दुरुस्तीचे काम करीतच असते. डी.एन.ए.वरील जोड ओळखून तेवढा तुकडा कापून काढणारी व नवा बसविणारी विकरे प्रत्येक पेशीत आहेत. नवे जोड लागायचे थांबले की जुने निस्तरायला त्यांना सवड मिळते. ज्यांना स्तनाचा कर्करोग झाला आहे अशा भगिनींनीही धूर टाळणे हितावह आहे, कारण निदानानंतर धूम्रपान चालू ठेवणाऱ्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले आहे.

धूम्रपान न करणाऱ्या स्त्रीलाही स्तनाचा कर्करोग होतो. वय, आनुवंशिकता, संप्रेरके अशी त्याची इतर अनेक कारणे आहेत. तेव्हा स्तनात गाठ लागली, त्वचा आत ओढली गेली किंवा बोंडीतून रक्तमिश्रित स्राव आला, तर संकोच न करता लगेच डॉक्टरांना दाखवावे, आणि घरातील पुरुषांनी त्यासाठी तिच्यासोबत जावे.

शेवटी विद्यार्थी मित्रांना एक विनंती. या लेखातील जी चा टी कसा होतो, एवढी एकच गोष्ट एका कागदावर काढून आपल्या घरी वडिलांना, काकांना, आजोबांना समजावून सांगावी. रागाने नको, भांडून नको. आपल्या विडीचा धूर आपल्याच लेकीच्या पेशीत शिरून तेथील अक्षरे बदलू शकतो, हे ज्याला समजेल तो पुढची विडी पेटवण्यापूर्वी निदान उठून घराबाहेर जाईल.